नाण्याला हात लावण्याआधी विचारणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "मग लोक डबेच्या डबे घेऊन येतील माझ्याकडे," असं तुम्हीच हसत म्हणाला होतात. पण आभार मानल्यावाचून राहवत नाही. त्या दिवशी तुमच्यासमोर घसा दाटला, धड काही बोलताच आलं नाही. नुसतं "थँक्यू हं" म्हणून निघालो, ते अजून खुपतंय.

मामांच्या त्या पाव आण्याने तुमच्याकडे येईपर्यंत बरंच सोसलं होतं. १८३५चं, ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं नाणं. एका बाजूला अर्ध्याहून जास्त भाग जांभळा-निळा, त्याच्या कडेने नारिंगी रेघ आणि अक्षरांच्या सांदीत हिरवट ठिपके. एका नामांकित जाणकाराने उजेडात धरलं न धरलं तोच "नकली आहे, रंग चढवलाय" म्हणून परत सरकवलं. वजनकाटा हाताशी होता, तो वापरायची तसदी घेतली नाही. दुसऱ्याने अंगठ्याने खसाखसा घासलं आणि "निघत नाही राव" असा निकाल दिला. तिसऱ्याचा सल्ला चिंच-मिठाचा. चौथे म्हणाले, रोग लागलाय, बाकीच्या नाण्यांपासून लांब ठेवा, नाहीतर फेकूनच द्या. सगळे नावाजलेले, सगळे घाईत.

आणि तुम्ही? डबी उघडलीत आणि हात न लावता माझ्याकडे बघून विचारलंत, "घेऊ का हातात?"

एवढंच. पण तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मग तुम्ही हात धुऊन कोरडे केलेत, टेबलावर टॉवेलची घडी पसरलीत, आणि नाणं कडेने, दोन बोटांच्या चिमटीत उचललंत. निसटलं तरी कापडावर पडावं म्हणून ती घडी. तांबं मऊ, काठाला एकदा पोचा आला की आला. लूपखाली, म्हणजे डोळ्याला लावायच्या छोट्या भिंगाखाली, तुम्हाला त्या अंगठ्याचा ठसा दिसला, बारीक तपकिरी रेघांचा. घामातले क्षार तांब्यावर असेच उमटतात, म्हणालात. कुणाचा ठसा, हे मात्र विचारलं नाहीत. मला तिथेच भरून आलं.

वजन भरलं साडेसहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे असायला हवं तेवढंच. नुसत्या वजनाने खरेपणा ठरत नाही, हेही लगेच सांगितलंत. मग दिवा हळूहळू फिरवत लूप माझ्या डोळ्याला लावलात. तो जांभळा रंग म्हणजे ऑक्साइड-सल्फाइडचा अतिशय पातळ थर, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखा. थराची जाडी बदलली की रंग बदलतो. त्याच्या खालून धातूची मूळ झळाळी दिवा फिरेल तशी फिरत होती. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. तेवढ्याच आकाराचं तुमचं एक नाणं त्या नारिंगी रेघेच्या जरा वर, न टेकवता धरलंत. कडेला कड जुळली! म्हणजे मामांच्या डब्यात वर्षानुवर्षं त्याच्यावर दुसरं नाणं अर्धवट चढून पडलेलं होतं. झाकलेला भाग तपकिरी राहिला, उघड्यावर रंग चढला. इतकी सोपी गोष्ट, आणि मला रात्र-रात्र झोप नव्हती.

हिरव्या ठिपक्यांची धास्ती जास्त होती. लाकडी काडीच्या टोकाने तुम्ही एक ठिपका अलगद हलवलात, तर तो चिकट निघाला. भुकटी नाही, खाली खड्डा नाही. क्लोराइडचा रोग असता तर फिकट हिरवी पूड सुटली असती आणि दमट हवेत पुन्हा पुन्हा उगवली असती, कारण त्यात तयार होणारं आम्ल नवं तांबं खातच राहतं. हा प्रताप मधल्या काळात नाणं ज्यात होतं त्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा. शुद्ध ॲसिटोनने ते निघालं, आणि जांभळा रंग जागच्या जागी राहिला. चिंचेने घासलं असतं तर सगळंच गेलं असतं; उरलं असतं एक गुलाबी, उघडंबोडकं नाणं.

एका जागी मात्र तुम्ही थांबलात. वरच्या कडेजवळची गडद निळी छटा नैसर्गिक की कुणी कधीतरी नाणं तापवलं वा कसल्या द्रावणात बुडवलं, "हे मी छातीठोक सांगणार नाही." ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं त्यांनी निकाल दिले, आणि जिला इतकं ठाऊक ती म्हणते सांगणार नाही. मला तुमच्या बाकी सगळ्या बोलण्यावर विश्वास बसला तो या एका वाक्याने. डॉक्टर असो, मेकॅनिक असो, वकील असो, अशी माणसं भेटतात क्वचितच. भेटली की वाटतं, उगाच आपण इतकी वर्षं मोठ्या पाट्यांकडे बघत दारं ठोठावली.

पैशांचा विषय तुम्ही काढू दिला नाहीत, चहासुद्धा तुमचाच. नाणं आता मायलरच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या, पाकिटात आहे, पीव्हीसीची सगळी पाकिटं कचऱ्यात गेली. फक्त मामांच्या डब्याच्या तळाशी एक जाडजूड ढब्बू पैसा सापडलाय, त्यावर काळे डाग आहेत. अजून कुणालाही दाखवलेला नाही. येऊ का घेऊन?

तुमचा,
पाव आणेवाला