हात वर केला की थांबणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या सात वर्षांच्या मुलाची खालची दुधाची दाढ आपण जळगावच्या आपल्या दवाखान्यात काढलीत. त्या दिवशी निघताना ‘थँक्यू मॅडम’ एवढेच तोंडातून निघाले, फी दिली आणि आम्ही चोपड्याची बस गाठली. घरी आल्यापासून मात्र राहून राहून वाटते आहे की जे झाले ते फीने फिटणारे नाही आणि ते चार लोकांत सांगायला हवे. आमच्या तालुक्यात कितीतरी आईबाप अजून असेच धरून चालतात की लहान मुलाचा दात काढायचा म्हणजे त्याला दाबून धरायला दोन दांडगी माणसे हवीतच.

आम्ही आपल्याकडे आलो ते आधी एका दवाखान्यात पोळल्यानंतर. तो दवाखाना कुठला, हे इथे लिहीत नाही. लिहून त्यांना शरम वाटेल असेही नाही. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता, हिरडीवर पू धरलेला दिसत होता. ‘आईबाप जवळ असले की पोरं जास्त लाड करतात’ असे सांगून आम्हाला बाहेर बसवण्यात आले आणि पाच मिनिटांतच आतून जी किंकाळी आली ती त्याच्या आईच्या कानातून अजून गेलेली नाही. कंपाउंडरने पाय धरले होते, दुसऱ्याने डोके. सुई टोचल्या टोचल्या दाढेला हात घातला गेला. पोरगा ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणून ओरडत राहिला आणि त्याला उत्तर मिळाले, ‘भूल दिलीय, दुखूच शकत नाही, नाटकं करू नको.’ दाढ निघाली नाहीच. ‘मुलगा सहकार्य करत नाही’ असे म्हणून आमची बोळवण झाली. त्यानंतर त्या मुलाने घरात दात घासायचा ब्रशसुद्धा तोंडाजवळ येऊ दिला नाही.

आपण त्याचे तोंड तपासून आम्हाला जे पहिले वाक्य सांगितलेत, त्याचेच उपकार माझ्या लेखी मोठे आहेत. आपण म्हणालात, ‘तो खरं बोलत होता. तेव्हा त्याला दुखलंच असणार.’ मग आपण समजावून सांगितलेत की सुजलेल्या, पू धरलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि अशा जागी बधिर करण्याच्या औषधाचा फार थोडा भाग मज्जातंतूच्या आत शिरू शकतो, म्हणून डोस देऊनही दाढ नीट बधिर होत नाही. म्हणजे औषध त्या जागी लागू पडत नव्हते आणि खोटा मात्र सात वर्षांचा मुलगा ठरला होता. आपण आधी पू काढून दिलात, औषधे देऊन सूज उतरू दिलीत आणि मगच दाढ काढायचा दिवस दिलात. ते वाक्य त्याच्या देखत बोललात, हे फार बरे केलेत. आपले म्हणणे मोठ्या माणसाने खरे मानले, हे त्याच्या चेहऱ्यावर तिथल्या तिथे दिसले.

माझे कृषी सेवा केंद्र आहे. पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली औषध टाकायचे, हे शेतकऱ्याला दिवसभर सांगणे हाच माझा धंदा. अंदाजपंचे ओतले की पीक जळते किंवा कीड तशीच राहते, हे मी रोज पाहतो. त्यामुळे खुर्चीवर बसवण्याआधी आपण माझ्या मुलाला वजनकाट्यावर उभे केलेत, तेव्हाच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. आधीच्या ठिकाणी त्याचे वजन कोणी विचारलेही नव्हते. २२ किलो भरले. मी विचारल्यावर आपण न वैतागता हिशेब सांगितलात: लिग्नोकेन हे बधिर करण्याचे औषध मुलांना दर किलोमागे ४.४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचे नाही, दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलीत २० मिलिग्रॅम असते, म्हणजे या मुलासाठी पाच मिलीच्या आतच मर्यादा येते, आणि एका दाढेला त्याच्या निम्मेही लागत नाही. त्यात थोडे ॲड्रेनालिन असते, त्याने रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर जास्त वेळ टिकते आणि रक्तही कमी जाते, हेही तेव्हाच कळले.

बाकीची प्रक्रिया मी इथे लिहीत बसत नाही; ती आपल्या शास्त्राची गोष्ट आहे. मला लिहायचे आहे ते त्या हाताबद्दल.

सुईच्या आधी आपण हिरडी कापसाने कोरडी करून बधिर करणारे जेल लावलेत आणि थांबलात. नुसत्या थांबलात. मोबाइल पाहिला नाहीत, दुसऱ्या पेशंटला हाक मारली नाहीत. त्या वेळात आपण त्याच्या दंडावर अंगठा दाबून म्हणालात, ‘हे दुखस का रे भाऊ?’ आपल्या तोंडून अहिराणी ऐकून तो जरा सैल झाला आणि ‘नाही’ म्हणाला. ‘मग हे काय आहे? हा दाब आहे. दाढ काढताना असाच दाब कळेल, कुरकुर आवाजही येईल. पण दुखायला नको. दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबेन.’ आजवर त्याला प्रत्येक जण ‘काहीच होणार नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असेच सांगत आला होता आणि प्रत्येक वेळी काहीतरी झाले होते. काय कळेल आणि काय कळायला नको, हे वेगवेगळे करून सांगणाऱ्या आपण पहिल्याच.

औषध आपण इतके सावकाश सोडलेत की सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, हे मला जवळ उभे राहूनही नीट कळले नाही. टोचण्यापेक्षा औषध घाईने ढकलल्यानेच जास्त दुखते, हे आपण नंतर सांगितलेत. मग पुन्हा काही मिनिटे वाट. ‘ओठ कसा वाटतोय?’ असे आपण विचारलेत. ‘जाड झालाय, सुजलाय,’ म्हणताना त्याचे डोळे भरून आले, तेव्हा आपण छोटा आरसा त्याच्या हातात दिलात. ओठ होता तसाच आहे, हे त्याने स्वतः पाहिले, बोटाने चाचपले, आणि त्याला चक्क हसू आले.

आणि मग ते झाले. दाढ हलू लागली होती, चिमटा लागलेला होता, आणखी अर्ध्या मिनिटात काम उरकले असते. तेवढ्यात त्याने डावा हात वर केला. माझ्या छातीत धस्स झाले. मला वाटले, आता ओरडा आणि दटावणी सुरू होणार. आपण चिमटा काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलात, दोन्ही हात त्याला दिसतील असे समोर धरलेत आणि विचारलेत, ‘दुखलं?’ तो काही क्षण आपल्याकडे पाहत राहिला आणि बोबड्या झालेल्या जिभेने म्हणाला, ‘नाही. बघत होतो.’ आपण हसला नाहीत, ‘मग उगाच कशाला थांबवलंस?’ असेही म्हणाला नाहीत. ‘बघितलंस ना? मग करू पुढे?’ त्याने मान हलवली. त्यानंतर त्याने हात वर केलाच नाही आणि दाढ निघाली तेव्हा तो माझ्या शर्टाची बटणे मोजत होता.

मॅडम, हे लिग्नोकेन काही कालपरवाचे औषध नाही. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ साली तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आहे. चोपड्यात मिळते, शिरपुरात मिळते, शहाद्यात मिळते. म्हणजे दोन दवाखान्यांतला फरक औषधाचा नव्हता, महागड्या मशीनचाही नव्हता. एका ठिकाणी मुलाच्या बोलण्यावर विश्वास ठेवला गेला आणि काही मिनिटे वाट पाहिली गेली. ‘पेशंट फार असतात, वेळ कुठे असतो’ हे उत्तर मला ठाऊक आहे. पण ओरडणाऱ्या मुलाला दोघांनी धरून ठेवण्यात आणि शेवटी दाढ न काढताच घरी पाठवण्यात कोणाचा वेळ वाचला, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

‘दुधाचाच दात, आज ना उद्या पडणारच’ हेही आमच्याकडे सर्रास ऐकू येते, आणि त्या न्यायाने त्याच्या दुखण्यालाही कोणी किंमत देत नाही. शेवटची दुधाची दाढ साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते, हे आपण सांगेपर्यंत आमच्या घरातही कोणाला माहीत नव्हते.

आमची पाळी येण्याआधी एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या, बहुधा सातपुड्याकडच्या पाड्यावरून आलेल्या. त्यांची मराठी तोडकी, आपल्याला त्यांची बोली अर्धीच कळत होती. तरी त्या पोरालाही तोच आरसा, तोच अंगठ्याचा दाब, तोच हात वर करण्याचा करार. आपल्या लोकांत मोठ्यांशी अदबीने वागणारे पुष्कळ आहेत. जो तक्रार करू शकत नाही, ज्याचे म्हणणे ‘नाटक’ म्हणून सहज उडवून लावता येते, त्याच्याशीही तितक्याच सरळपणे वागणारे मात्र कमी. ते आपल्या दवाखान्यात पाहिले, म्हणून हे पत्र लांबले.

आपण सांगितल्याप्रमाणे दोन-तीन तास ओठ चावू दिला नाही. शेजारच्या मुलाने असाच बधिर ओठ चावून चावून रक्तबंबाळ केला होता, म्हणून आमच्या मुलाची आई समोर पहाऱ्याला बसली होती. बधिरपणा उतरायच्या आधी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल दिले. आजोबा सवयीने ॲस्पिरिनची गोळी काढत होते, त्यांना आपला निरोप सांगून थांबवले. मुलांना ती का द्यायची नाही, हे आता तेच गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतात. तिखट बंद ठेवले. खान्देशातल्या घरात शेवभाजीचा वास सुटलेला असताना पोराला दहीभात खायला लावणे, हाच त्या दिवसातला सगळ्यांत अवघड भाग ठरला.

मोकळ्या जागेसाठी तार बसवायची आणि पलीकडची कीड भरायची आहे, त्यासाठी पुढच्या महिन्यात येतो आहोत. त्याची धाकटी बहीणही येणार आहे. तिचे दात ठीक आहेत, पण हात वर केला की डॉक्टर खरेच थांबतात का, यावर तिचा विश्वास बसत नाही, म्हणून भावाने तिला आणायचे ठरवले आहे. चालेल ना?

आपला कृतज्ञ,
एक पालक
चोपडा तालुका, जि. जळगाव