वर्गात न विचारलेला प्रश्न

प्रिय लेकी,

काल फोनवर तू बराच वेळ गप्प होतीस आणि मग एकदम म्हणालीस, "आई, सगळ्यांना कळतंय, मलाच कळत नाहीये." त्यावर मी जे बोलले ते घाईघाईत बोलले. रात्रभर ते मनात राहिलं, म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या अ‍ॅनालिसिसबद्दल, त्या सिद्धतांच्या गणिताबद्दल. शाळेत तुला गणितात पैकीच्या पैकी मिळायचे, कारण तिथे गणित म्हणजे उत्तर काढणं. इथे उत्तर आधीच फळ्यावर लिहिलेलं असतं आणि ते खरं का, हे तुला सांगायचं असतं. हे कामच वेगळं आहे. त्यात अडखळलीस म्हणजे तुझं गणित कच्चं आहे असं नाही.

लिमिटची एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या पाठ केलीस म्हणालीस. पाठ करू नकोस, दोघांत खेळून बघ. क्ष ३ च्या जवळ गेला की क्षचा वर्ग ९ कडे जातो, हे तुला पटवायचं आहे. समोरची मैत्रीण म्हणते, "मला ९ पासून ०.१ पेक्षा जास्त फरक नको." तू म्हणायचं, "मग क्ष ३ पासून ०.०१ च्या आत ठेव." ती ०.१ ऐवजी ०.००१ मागेल, तू तुझा आकडा आणखी लहान करशील. तिचा आकडा एप्सिलॉन, तुझा डेल्टा; आधी तिची पाळी, मग तुझी. हा क्रम उलटा केलास आणि एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनांना पुरला पाहिजे असं म्हटलंस, तर ती अट त्या बिंदूभोवती अजिबात न बदलणारी फलंच (फंक्शन्सच) पाळू शकतील. 'प्रत्येक' आणि 'अस्तित्वात आहे' हे शब्द कोणत्या क्रमाने येतात, याला एवढं वजन आहे. एकदा वहीवर स्वतः करून बघ.

आता माझी एक गोष्ट सांगते. ती तुला कधी सांगितली नव्हती.

मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. नमुन्याचा व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, काढताना सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला एन वजा एकने (एन म्हणजे एकूण आकडे किती) भागायचं, असं फळ्यावर आलं. का, तर "डिग्रीज ऑफ फ्रीडम", आणि तास पुढे गेला. मला कळलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं, सगळे खाली मान घालून लिहीत होते. मीही लिहिलं आणि समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं. तो प्रश्न मी कधीच विचारला नाही. परीक्षेत सूत्र आलं, मार्क मिळाले, पदवी मिळाली. बऱ्याच वर्षांनी नोकरीत एका नव्या मुलीने मला तेच विचारलं आणि मला उत्तर देता येईना. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन मी २, ४ आणि ९ असे तीन आकडे घेतले. सरासरी ५. फरक उणे ३, उणे १ आणि ४. त्यांची बेरीज शून्य. म्हणजे दोन फरक कळले की तिसरा आपोआप ठरतो, मोकळे दोनच. हेच ते डिग्रीज ऑफ फ्रीडम. फरकांच्या वर्गांची बेरीज आली २६. मग समजा खरी सरासरी ६ आहे, असं धरून पुन्हा केलं: १६, ४ आणि ९, बेरीज २९. ५ सोडून कुठलाही आकडा घेतला तरी बेरीज २६ पेक्षा जास्तच येते. नमुन्याची सरासरी त्याच आकड्यांतून निघालेली असते, म्हणून ती त्यांच्या सगळ्यात जवळ बसते आणि पसारा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तीनऐवजी दोनने भागलं की सरासरीने ती तूट भरून निघते. अर्ध्या तासाचं काम होतं. मी ते इतकी वर्षं अंगावर वागवलं, कारण वर्गात हात वर केला नाही.

संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचं नाव तुला तिसऱ्या वर्षी भेटेलच. १९४४ साली ते कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते, वय तेविशी-चोविशीचं. मोठ्या नमुन्यांसाठी फिशर या संख्याशास्त्रज्ञाचा एक निकाल त्यांनी वर्गात सिद्ध केला. एका विद्यार्थ्याने विचारलं, नमुना लहान असेल तर असं काही सांगता येईल का? तो विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर, पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले. राव घरी गेले, रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आले: नि:पक्षपाती, म्हणजे सरासरीने खऱ्या उत्तरावर बसणाऱ्या, अंदाजाचा व्हेरिअन्स एका ठरावीक मर्यादेखाली जाऊच शकत नाही. १९४५ साली ते छापलं गेलं. आज जगभर ते क्रॅमर-राव असमानता म्हणून शिकवतात. ही हकीकत रावांनी स्वतःच सांगितली आहे. मला ती वाचताना दरवेळी दांडेकरांचाच हेवा वाटतो.

तुझं विद्यापीठ सरकारी आहे, वर्ग मोठा आहे. सरांना तुझं नावही माहीत नसेल. त्याचा अर्थ त्यांना तुझी पर्वा नाही असा घेऊ नकोस. एवढ्या मुलांतून कोण अडलंय हे त्यांना कळणार कसं? लोकांच्या करांच्या पैशातून तो फळा, ती लायब्ररी, त्या सरांचा वेळ उभा आहे, आणि तो तुझ्यासाठीच आहे. तास संपल्यावर त्यांच्या केबिनच्या दारात जा. जाताना नुसतं "कळलं नाही" म्हणू नकोस. सिद्धतेच्या कोणत्या ओळीपर्यंत कळलं आणि कोणत्या ओळीवर अडलं, तिथे खूण करून वही समोर ठेव. तशी वही समोर आली की शिकवणाऱ्याला किती बरं वाटतं, हे मी आता त्या बाजूला बसून सांगतेय.

प्रॅक्टिकलची मला फार काळजी नाही. आर, ते संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर, तुला जमेल. तेही ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन शिक्षकांनी सुरू केलं आणि सगळ्यांसाठी मोफत ठेवलं. फक्त आकडे आरमध्ये टाकण्याआधी ते कुठून आले, कोणाला मोजलं, कोण मोजायचं राहिलं, हे दर वेळी विचार.

माझी जुनी वही या पत्राबरोबर पाठवतेय. ते प्रश्नचिन्ह अजून समासात आहे, मी खोडलेलं नाही. त्याच्या शेजारच्या कोऱ्या जागेत तुझा या आठवड्याचा प्रश्न लिही, आणि सरांकडे जाऊन आलीस की मला फोन कर. ते काय म्हणाले, ते मलाही ऐकायचंय.

तुझी,
आई