तोंड माझं, आवाज दुसऱ्याचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सिमू लियू या कॅनडातल्या चिनी वंशाच्या नटावर लेख आला होता. गर्दीतला एक्स्ट्रा ‘रातोरात’ सुपरहिरो झाला, असा एकूण सूर होता. लेख छान होता, फोटोही झकास. पण त्या ‘रातोरात’वर मी अडखळलो. मी स्वतः एक्स्ट्रा म्हणून उभा राहिलेला माणूस आहे, आणि तेही परमुलखात. म्हणून पुण्यातल्या नातीला फोन लावला. ती मागच्या सुट्टीत आली तेव्हा तिनं मोबाइलवर त्या माणसाची सगळी कुंडली काढून दिली, त्याची मालिकाही दाखवली. त्यानंतर हे पत्र लिहायला घेतलं. थोडं लांबलंय, कात्री चालवायची तर सुरुवातीला चालवा, मधल्या भागाला हात लावू नका.

हिशेब असा आहे. हा मुलगा चीनमधल्या हार्बिनचा, जन्म १९८९चा. आईवडील शिकायला कॅनडात, पोर आजीआजोबांपाशी. पाच वर्षांचा व्हायच्या सुमारास वडील येऊन घेऊन गेले. टोरांटोजवळच्या मिसिसागात वाढला, शिकून हिशेबनीस झाला आणि २०१२ मध्ये नोकरी गेली. मग इंटरनेटवरची एक किरकोळ जाहिरात बघून तो टोरांटोत चाललेल्या एका मोठ्या हॉलिवूडपटाच्या गर्दीत जाऊन उभा राहिला. लहान पोरांच्या वाढदिवसाला स्पायडरमॅनचे कपडे घालून गेला. शंभरेक डॉलरवर फोटो काढून दिले, ते पुढं कुठल्या कुठल्या जाहिरातींवर आणि पुस्तकांवर छापून येत राहिले. २०१६ला मालिका मिळाली, २०१९ला सुपरहिरोंचे सिनेमे काढणाऱ्या मार्व्हल कंपनीनं निवडलं, नायक म्हणून पडद्यावर आला तो २०२१ला. नऊ वर्षं झाली. तेवढ्यात आमच्याकडं बालवाडीतलं पोरगं आठवीत जातं. भलतीच लांब रात्र म्हणायची ही.

पण नऊ वर्षं कष्ट केले म्हणून तो पुढं आला, असंही मला म्हणायचं नाही. कष्ट तर माझ्याबरोबर उभे राहणाऱ्या सगळ्यांनीच केले.

आता माझं सांगतो. मी खानापूर तालुक्यातला. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, हे सांगलीकरांना सांगायला नको. जुने दागिने वितळवून सोनंचांदी शुद्ध करून द्यायची, हा धंदा. खानापूर-आटपाडीकडच्या कोरडवाहू रानावर पोट भरेना म्हणून माणसं निघाली आणि मद्रास, कोईमतूर, केरळ, दिल्ली, कोलकाता, जिथं सराफकट्टा असेल तिथं जाऊन भट्टी पेटवली. ७२च्या दुष्काळानं आमच्या घरातली जनावरं गेली आणि १९७४ साली मामा मला मद्रासला घेऊन गेले. मी सोळा वर्षांचा. सौकारपेटेत दहा बाय बाराची खोली, तिथंच भट्टी, तिथंच स्वयंपाक, तिथंच झोप. तेजाबाचा तो पिवळा-तांबडा धूर छातीत असा बसला की अजून पहाटे खोकला उठतो.

मद्रासला त्या वेळी कोडंबाक्कममध्ये पाऊल टाकलं की शूटिंग. एक्स्ट्रा पुरवणारा एक एजंट आमच्याकडं बायकोच्या मोडक्या बांगड्या गाळायला आला होता. मला म्हणाला, रविवारी येतोस का, सराफ बाजाराचा सीन आहे, तराजू धरता येणारी चार माणसं पाहिजेत. दिवसाला पंधरा रुपये आणि जेवण. मामा म्हणाले, “आरं, भट्टीपुढं घाम गाळतुयास, तितं दिव्यापुढं गाळ. घाम त्योच.” १९७९ ते १९८६ या काळात असे तीसचाळीस दिवस मी उभा राहिलो असेन.

एक्स्ट्राचं काम काय, तर थांबायचं. सकाळी सहाला हजर व्हायचं, पगडी बांधून घ्यायची, आणि मग दुपारी तीनपर्यंत कुणी विचारायचं नाही. पगडी सोडायची नाही, कारण पुढच्या शॉटला ती तशीच दिसली पाहिजे. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. शेजारच्याशी बोलल्यासारखे ओठ हलवायचे पण आवाज काढायचा नाही. जेवणाच्या रांगा दोन. आमच्या रांगेला सांबारभात आणि दहीभात, पलीकडच्या रांगेला काय होतं ते वासावरून कळायचं. तिथं आम्हाला ‘तुणै नडिगर’ म्हणायचे, म्हणजे साथीचे नट. शब्दात मान आहे. हाक मारताना मात्र “ए पगडी, डावीकडं सरक.”

तमिळ सिनेमात तेव्हा एक ठरलेलं पात्र असायचं, सेट्टु. म्हणजे उत्तरेकडून आलेला सावकार, गहाणवट धरणारा. डोक्याला पगडी, पोट सुटलेलं, आणि मोडकंतोडकं तमिळ. ‘नंबळ्‌की, निंबळ्‌की’ असं काहीतरी बोलतो आणि थिएटर हसतं. आम्ही मराठे, मारवाडी नाही, सावकार तर नाहीच नाही, आम्हीच सावकाराच्या दारात उभे. पण मद्रासच्या एजंटाला विंध्याच्या अलीकडचा काय, पलीकडचा काय. गोरटेला आणि सराफकट्ट्यातला म्हटल्यावर सेट्टु. तीसचाळीस दिवसांत मला दुसरं काही मिळालं नाही. पोलीस नाही, शेतकरी नाही, लग्नातला वऱ्हाडीसुद्धा नाही.

एकदा वाक्य मिळालं. नायक आईची साखळी घेऊन येतो, सेट्टु ती तराजूत घालतो आणि म्हणतो, “हे सोनं नाही, पितळ आहे.” एवढंच. एव्हाना मला मद्रासमध्ये आठ वर्षं झाली होती. गिऱ्हाइकाशी, पोलिसाशी, घरमालकिणीशी रोज तमिळमध्येच भांडत होतो. रात्रभर पाठ करून मी ते वाक्य स्वच्छ तमिळमध्ये म्हटलं. वर तराजूचा काटा बघून थोडा थांबलोही, कारण खऱ्या दुकानात आम्ही असंच करतो. गिऱ्हाइकाला एकदम ‘पितळ’ म्हणायचं नसतं, त्याच्या घरात कुणीतरी आजारी असतं. शॉट ओके झाला. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, जमलं.

सिनेमा लागला तेव्हा मामा आणि दुकानातली चार पोरं घेऊन गेलो, तिकिटं माझ्या खर्चानं. माझा चेहरा आला, ओठ हलले आणि आवाज आला तो दुसऱ्याचाच. ‘नंबळ्‌की…’ तिकडं तेव्हा संवाद मागाहून डबिंगला भरायचे. तोंड माझं ठेवलं आणि आवाज सेट्टुचा घातला. थिएटर हसलं. आमची पोरंही हसली, त्यांना काय माहीत. मामा तेवढे हसले नाहीत. बाहेर आल्यावर चहा पाजला आणि म्हणाले, “तू नीट बोल्लास, त्येच चुकलं.” पुढं एजंटाला मी विचारलंही. तो म्हणाला, सेट्टु चांगलं बोलला तर लोक हसतील कशाला? त्याचं बरोबरच होतं. गोष्टीत सेट्टुला हसवण्यापुरतीच जागा होती. मी अंगानं तिथं मावत होतो, आवाजानं मावत नव्हतो.

आमच्या लोकांत असा विषय निघाला की कुणीतरी रजनीकांतचं नाव काढतंच. घरी मराठी बोलणारा शिवाजीराव गायकवाड, बंगळूरला बसवर कंडक्टर, १९७५ला पहिला तमिळ सिनेमा, मग तुम्हाला काय धाड भरली? पण तो गर्दीतून आलेला नाही. तो मद्रासच्या अभिनयाच्या शाळेत शिकला, दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला हेरलं आणि भूमिका दिली. आणि तमिळ शिकल्यावर पडद्यावर तो तमिळ माणूस म्हणून उभा राहिला, मराठी म्हणून नव्हे. त्याच्या ताकदीचा माणूस शतकात एखादा. बाकीच्यांनी काय करायचं, हा प्रश्न राहतोच.

त्याचं उत्तर मला नातीनं दाखवलेल्या मालिकेत मिळालं, आणि तेच आपल्या लेखात एका ओळीत आटोपलंय. लियूला खरी ओळख मिळाली ती ‘किम्स कन्व्हिनियन्स’मुळे. टोरांटोतलं एक कोरियन कुटुंब आणि त्यांचं किराणामालाचं दुकान, एवढाच विषय. हे आधी नाटक होतं. इन्स चोई नावाच्या, कोरियात जन्मून टोरांटोत वाढलेल्या माणसानं ते लिहिलं आणि २०११ला तिथल्या एका नाट्यमहोत्सवात स्वतःच उभं केलं. म्हणजे लियूची नोकरी सुटली त्याच्या आदल्या वर्षी, त्याच शहरात, कुणीतरी आपल्या माणसांवर गोष्ट लिहून ठेवली होती. त्या गोष्टीत दुकानदार हसण्यापुरता येऊन जात नाही, दुकान त्याचंच आहे. त्याला पोरगा आहे, पोराशी अबोला आहे, आणि त्या पोराची भूमिका करायला त्याच चेहऱ्याचा तरणा नट लागणार होता. तोवर लियू कितीही मेहनत करो, त्याला मिळालं ते गर्दीत उभं राहणं आणि जाहिरातीतला हसरा चेहरा. जागा आधी लिहिली गेली, मग माणूस तिथं पोचला.

त्या मालिकेतला बाप कोरियन ढंगाचं मोडकं इंग्रजी बोलतो. ऐकल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आला सेट्टु. पण दोनतीन भागांत फरक कळला. तो मोडकं बोलतो तरी त्याच्याकडं राग आहे, माया आहे, हट्ट आहे. नात म्हणाली, तो नट एरवी अगदी चांगलं कॅनडाचं इंग्रजी बोलतो. असेल. नट आहे, बोलणारच. माझं भांडण मोडक्या बोलण्याशी नाही. ज्याला मोडकं बोलायला लावता त्याला दुसरं काही करायला देता का, एवढंच विचारायचंय.

आणि एवढं होऊनही गोष्ट गोड नाही. २०२१ला मालिका बंद पडली तेव्हा लियूनं उघड तक्रार केली की आमच्या लेखकांत आशियाई माणसं पुरेशी नव्हती, आम्हा नटांना सुचवायचं होतं ते ऐकलं गेलं नाही आणि पैसेही फार नव्हते. नायक झालेला माणूस हे बोलतो, तर मागच्या रांगेतल्याचं काय असेल ते तुम्हीच ताडा. हे आपल्या लेखात नव्हतं. जागेअभावी राहिलं असेल.

आता आपल्याकडं वळतो. मी २००९ साली दुकान पुतण्याच्या हवाली करून गावी आलो. तेव्हापासून सांगलीत जमेल तेवढी नाटकं बघतो. आपली सांगली म्हणजे नाट्यपंढरी. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ केलं, म्हणून त्या तारखेला रंगभूमी दिन. त्याची सुरुवात कशानं झाली, तर आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी इथं खेळ करायला आली, तो खेळ सांगली संस्थानच्या पटवर्धन सरकारांनी बघितला आणि असं काहीतरी मराठीत करा म्हणून भाव्यांना सांगितलं. परमुलखातून आलेल्या माणसांच्या खेळावरून आपलं नाटक उभं राहिलं. आणि परमुलखात गेलेल्या आमच्यासारख्यांवर मी इतक्या वर्षांत एकही नाटक बघितलं नाही. सोन्याची दुकानं पुष्कळ बघितली स्टेजवर. भट्टी नाही.

साताऱ्याकडं मालिकांचं शूटिंग सुरू झालं तेव्हा आमच्या भाच्याचा पोरगाही गर्दीत उभा राहून आला. म्हणाला, आजोबा, तिथं हिरोसुद्धा आपल्यासारखंच बोलतो. मला बरं वाटलं. गावचा रांगडेपणा पडद्यावर आला. आता गाव सोडून गेलेला माणूसही यावा. भट्टीपुढं वाढलेली, घरात मराठी, गल्लीत तमिळ आणि शाळेत इंग्रजी बोलणारी पोरं यावीत. यात्रेला गावी आली की त्यांच्या मराठीला सगळे हसतात. आमचीच पोरं, आमच्याच गावात सेट्टु होतात. हे मी माझ्या अंगणात बघितलंय, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलोय.

म्हणून माझी विनंती आहे, एक आपल्याला आणि एक सांगलीच्या नाटकवाल्यांना. आपण परदेशातल्या नटावर अर्धं पान दिलंत, तसं एखादं पान गलाईवाल्यांच्या आठवणींना द्या. विट्यात आणि आसपासच्या गावांत माझ्या वयाची माणसं अजून आहेत, पण खोकला सगळ्यांनाच आहे. आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी नवी संहिता शोधणाऱ्या मंडळींनी एकदा आमच्याकडं येऊन बसावं. मी काम मागत नाही, या वयात पाठांतर होत नाही. सोनं तेजाबात टाकल्यावर तपकिरी भुकटी होऊन तळाला बसतं आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं गेलं, ते कसं दाखवायचं हे मी सांगेन. मामांचं बोलणं सांगेन. माझी मूस, सांडशी आणि तो तराजू घरात आहे, तो लागेल तेवढे दिवस न्या.

फक्त ज्या पोराला उभं करणार असाल त्याला आधी आठवडाभर माझ्याकडं पाठवा. सांडशी उलटी धरली तर विट्याचं पब्लिक पहिल्या रांगेतून ओरडतं.

आपला,
एक निवृत्त गलाईवाला
ता. खानापूर, जि. सांगली