छोट्या तबकड्या आणि त्यांच्यामागची माणसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हेवी रॉकच्या जन्मावर आलेला लेख वाचला. लेखकानं मनापासून लिहिलंय, आणि लेड झेपेलिन, ब्लॅक सॅबाथ, डीप पर्पल यांच्याबद्दल त्यांनी जे म्हटलंय ते जवळजवळ सगळं मला मान्य आहे. पण पान वाचून संपल्यावर मनात असं चित्र उरतं की पाच-सहा मोठ्या बँडनी मोठ्या कंपन्यांच्या एलपींवर, म्हणजे बऱ्याच गाण्यांच्या मोठ्या तबकड्यांवर, हे संगीत घडवलं आणि बाकीच्या जगानं ते नुसतं ऐकलं. त्याच वर्षांत शेकडो पोरांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून सात इंची सिंगल्स, म्हणजे दर बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्या, काढल्या होत्या. त्यांचा त्या लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

मी ध्वनितंत्रज्ञ म्हणून काम केलं. जुन्या टेप आणि तबकड्यांवरचा आवाज उतरवून घेणं हा त्या कामाचा मोठा भाग होता, त्यामुळे या सिंगल्स मी छंद म्हणून ऐकल्या तशा सुईखाली घालून तपासल्याही.

सान फ्रान्सिस्कोच्या ब्लू चिअर या तिघांच्या बँडनं एडी कॉक्रनचं १९५८ चं ‘समरटाइम ब्लूज’ १९६८ मध्ये फझ (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं उपकरण) लावून, अँप्लिफायर पूर्ण उघडून वाजवलं. ती सिंगल बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेली. इतकं कर्कश काहीतरी रेडिओवर वाजू शकतं हे कळल्यावर अमेरिकेतल्या लहान लहान गावांतल्या बँडना जोर चढला. त्यांच्याकडे कुठल्या कंपनीचा करार नव्हता. स्टुडिओत एखादी दुपार मिळायची, दोन गाणी व्हायची आणि काहीशे प्रती छापून यायच्या. सिनसिनाटीच्या राइट रेकॉर्ड्ससारखे कारखाने पैसे भरणाऱ्या कुणाचीही तबकडी छापून देत. त्यातल्या काही गावातल्या रेडिओ केंद्राला दिल्या जात, काही कार्यक्रमानंतर विकल्या जात आणि उरलेल्या खोक्यात पडून राहत.

अशी सिंगल हाती लागली तर आधी दुसरी बाजू ऐका, असं मी नेहमी सांगते. पहिल्या बाजूवर बहुधा रेडिओवाल्यांना खपेल असं काहीतरी असतं. मागच्या बाजूकडे कुणाचं लक्ष नसायचं, म्हणून तिथे ही मुलं मनासारखं वाजवून घेत.

या तबकड्यांचा आवाज असा अंगावर का येतो, हेही सांगितलं पाहिजे. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची सात इंची तबकडी आरसीए व्हिक्टरनं १९४९ मध्ये आणली. एलपीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं बसवायची तर खाचा जवळजवळ कापाव्या लागतात. खालचा सूर जितका जोरात, तितकी खाच जास्त हेलकावते आणि जागा खाते, म्हणून एलपीवर आवाजही आवरावा लागतो आणि बेसही. सिंगलवर तीन-चार मिनिटंच असतात. तिथे खाचा ऐसपैस कापता येतात, गिटार आणि बेस दणकून उतरतात. शिवाय तबकडी जास्त वेगानं फिरते, म्हणून झांजांचा झणत्कारही स्वच्छ राहतो. त्यातून साठच्या दशकातल्या आणि सत्तरीच्या सुरुवातीच्या कितीतरी सिंगल्स मोनो आहेत. गिटार डावीकडे, ड्रम उजवीकडे अशी वाटणी नाही, सगळा बँड एकाच जागेवरून चालून येतो. हे स्वस्तातलं काम होतं म्हणून ते कमअस्सल, असं समजणाऱ्यांनी एकदा तरी मूळ सिंगल आणि त्याच काळातली एलपी शेजारी ठेवून ऐकावी.

आता मुद्द्यावर येते. या सिंगल्स पुन्हा सापडतायत, जगभरातले लोक त्या शोधतायत, याचा मला अतोनात आनंद आहे. पण शोध म्हणजे तबकडी हाती लागणं एवढंच मानलं जातं, आणि तिथे मला थांबावंसं वाटतं. ती वाजवणारी माणसं सापडेपर्यंत शोध पूर्ण झाला असं मी म्हणणार नाही.

डेट्रॉइटच्या हॅकनी भावांचं उदाहरण घ्या. डेव्हिड गिटारवर, बॉबी बेस आणि गायनाला, डॅनिस ड्रमवर. कृष्णवर्णीय घरातली ही तीन मुलं आधी फंक वाजवत. मग द हू आणि अॅलिस कूपर ऐकून त्यांनी वाट बदलली. वडील अपघातात गेल्यानंतर डेव्हिडनं बँडचं नाव ‘डेथ’ ठेवलं. मृत्यूकडे भीतीनं बघायचं नाही, हा त्याचा विचार होता. १९७५ मध्ये डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड स्टुडिओत सात गाणी ध्वनिमुद्रित झाली. मोठ्या कंपनीकडून विचारणा आली ती नाव बदलण्याच्या अटीवर, आणि डेव्हिडनं नकार दिला. १९७६ मध्ये भावांनी स्वतःच्याच ट्रायअँगल या छोट्या कंपनीच्या नावानं ‘पॉलिटिशियन्स इन माय आइज’ ही सिंगल काढली. प्रती पाचशे. ती कुठे फारशी वाजली नाही. भाऊ पुढे व्हरमाँटला गेले, डेव्हिड परत डेट्रॉइटला आला, बाकीच्या दोघांनी रेगे बँड काढला. टेप नीट सांभाळ, एक दिवस लोक त्या शोधत येतील, असं डेव्हिडनं बॉबीला सांगून ठेवलं होतं. २००० मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगानं तो गेला.

त्यानंतर काही वर्षांत संग्राहकांमध्ये त्या सिंगलचा भाव शेकडो डॉलरवर गेला. बॉबीच्या मुलांना ते गाणं बाहेरून ऐकू आलं आणि आवाज वडिलांचा आहे हे ओळखू आलं. घरात त्या बँडचा विषय निघालेलाच नव्हता. २००९ मध्ये ड्रॅग सिटी या कंपनीनं ती सात गाणी प्रसिद्ध केली आणि बॉबी व डॅनिस पुन्हा त्याच नावानं मंचावर उभे राहिले. हातोहात फिरणाऱ्या मूळ प्रतीला कितीही भाव आला तरी वाजवणाऱ्याला त्यातून एक पैसा मिळत नाही. त्याला काही मिळतं ते कुणीतरी त्याच्या दारापर्यंत जाऊन रीतसर परवानगी घेतो तेव्हा.

आणि दारापर्यंत जाता येतं. सिंगलच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी लेबलवर गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत रचनाकाराचं आडनाव असतं, प्रकाशकाचं नाव असतं, बऱ्याचदा बीएमआय किंवा अॅस्कॅप असं छापलेलं असतं. रचनाकारांसाठी मानधन गोळा करणाऱ्या या दोन्ही अमेरिकन संस्थांकडे रचनांची नोंद असते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं नोंदणीच्या याद्या वर्षानुवर्षं छापल्या, त्यातही संगीतरचना आहेत. शेवटच्या खाचेनंतरच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेले क्रमांक बघून तबकडी कुठल्या कारखान्यात आणि साधारण केव्हा छापली हे काढता येतं. ‘कलाकार अज्ञात’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांनी बहुतेक वेळा हे लेबलसुद्धा पुरतं वाचलेलं नसतं.

कायद्यानंही या मुलांना बराच काळ उघड्यावर ठेवलं. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कॉपीराइट मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून पुढच्या मुद्रणांना. आधीची सगळी राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या नियमांवर होती. म्हणजे १९६८ ते १९७१ ही हेवी रॉकची ऐन उमलण्याची वर्षं नेमकी त्या रेषेच्या अलीकडे पडली. २०१८ च्या संगीतविषयक कायद्यानं जुन्या मुद्रणांनाही केंद्रीय संरक्षण दिलं. मधल्या काळात कुणालाही न विचारता छापलेले संग्रह पुष्कळ निघाले. त्यांच्यामुळे काही गाणी वाचली हे खरं आहे आणि त्याची मी कदर करते, पण ज्यांची ती गाणी होती त्यांना न विचारण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

कारण विचारून करणारेही होतेच. लेनी के यांनी १९७२ मध्ये एलेक्ट्रा कंपनीसाठी ‘नगेट्स’ हा दोन तबकड्यांचा संग्रह केला. त्यातली गाणी तेव्हा जेमतेम चार ते सात वर्षांपूर्वीची होती, तरी विसरली गेली होती. शिकागोच्या न्युमेरो ग्रूपनं २०१४ मध्ये ‘डार्कस्कॉर्च कँटिकल्स’ काढला, त्यात अशाच गावोगावच्या बँडचा इतिहास मेहनतीनं लिहिलाय. आणि २०१५ पासून रायडिंगईझी या कंपनीनं परमनंट रेकॉर्ड्सच्या साथीनं ‘ब्राउन अॅसिड’ ही मालिका सुरू केली, ती दहा भागांच्या कधीच पुढे गेली. सगळा भर दुर्मिळ हेवी सिंगल्सवर, आणि नियम असा की आधी बँडमधली माणसं शोधायची, परवानगी घ्यायची, पैसे द्यायचे, मगच गाणं घ्यायचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका दुपारबद्दल आता कुणी फोन करतंय, हे ऐकून त्या वादकांना काय वाटत असेल याचा मी अनेकदा विचार करते.

ब्रिटनमध्ये हेच दहा वर्षांनी घडलं. १९७९ मध्ये ‘साउंड्स’ साप्ताहिकानं ब्रिटिश हेवी मेटलच्या नव्या लाटेला नाव दिलं आणि घरच्या पैशानं काढलेल्या सिंगल्सचा पूर आला. बेलफास्टच्या स्वीट सॅव्हेजनं १९८१ मध्ये ‘किलिंग टाइम’ बी-साइडला टाकलं होतं. मेटॅलिका या प्रसिद्ध अमेरिकन बँडनं ते १९९१ मध्ये स्वतःच्या सिंगलच्या मागच्या बाजूला वाजवलं आणि १९९८ च्या ‘गॅरेज इन्क.’ मध्येही घेतलं. रचनाकारांची नावं छापली गेली, म्हणून मानधनही पोचलं. त्याच लाटेतल्या डायमंड हेड या बँडच्या ब्रायन टॅटलर यांनी तर मेटॅलिकानं वाजवलेल्या त्यांच्या गाण्यांच्या मानधनावर आपलं घर चाललं, हे उघडपणे सांगितलंय.

माझ्या कामाशी संबंधित एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूळ टेप मिळाली तर उत्तम, पण सत्तरीच्या मध्यापासूनच्या काही टेपांचा लेप दमट हवेनं चिकट होतो. तशीच चालवली तर तो यंत्रावर खरवडून निघतो आणि गाणं कायमचं जातं. ती पन्नास-पंचावन्न अंश उष्णतेत काही तास शेकावी लागते, मग काही आठवडे चालते आणि तेवढ्यात आवाज उतरवून घ्यायचा. टेप नसेल तर तबकडीवरून. अमेरिकन सिंगल्सपैकी पुष्कळ पॉलिस्टायरीनच्या आहेत, त्या जड सुईखाली झपाट्यानं झिजतात. तिथे वेगळ्या मापाची सुई लावून खाचेच्या भिंतीचा न झिजलेला भाग गाठायचा असतो. हे कष्ट न घेता संगणकावर खरखर पुसून टाकली की झांजाही पुसल्या जातात आणि फझची धार बोथट होते. जुन्या सिंगल्सची नवी आवृत्ती मऊ, गुळगुळीत वाटली, तर दोष बहुधा मूळ बँडचा नसतो.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. अशा पुनर्मुद्रित संग्रहांची परीक्षणं आपण छापता, त्यांत आवाज टेपवरून घेतलाय की तबकडीवरून आणि वादकांची परवानगी घेतलीय की नाही, हे लिहायला परीक्षकांना सांगावं. आणि गाणं उद्धृत कराल तिथे वाजवणाऱ्यांची नावं द्यावीत, बँडचं एकट्याचं नाव पुरेसं नाही. जागा कमी पडली तर छायाचित्र लहान करा, पण नावं गाळू नका.

आपली,
एक वाचक, निवृत्त ध्वनितंत्रज्ञ