आई-अप्पा, करार वाढवलाय, हे फोनवर सांगता येत नव्हतं

ती. अप्पा आणि आई,

नमस्कार.

अप्पा, हे आधी एकटे वाचून मग आईला सांगू नका, तुम्ही अर्धं गाळून सांगता. दुपारची जेवणं झाली की दोघं बसा आणि तुम्ही मोठ्याने वाचा, तिला बारीक अक्षराचा त्रास होतो.

तर, शाळेच्या लॅबमधल्या त्या जागेसाठी मी इंटरव्ह्यूला येणार नाहीये. इथला विमानतळावरचा करार दोन वर्षांनी वाढवून घेतलाय आणि सहीसुद्धा झालीये. अप्पा, तुम्ही त्या सरांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. मिल बंद पडली तेव्हाही तुम्ही स्वतःसाठी कुणापुढं शब्द टाकला नव्हता, मला सगळं आठवतंय, म्हणून हे लिहिताना फार जड जातंय. सरांना मीच फोन करून सांगितलं, तुम्हाला परत त्यांच्यासमोर जाऊन काही बोलायला लागू नये म्हणून, आणि ते छान बोलले, म्हणाले अप्पांना सांग मला वाईट वाटलेलं नाही. हे त्यांचेच शब्द आहेत, मी माझ्या मनाचं घालत नाहीये.

तुम्हाला वाटेल घरापासून लांब राहायची हिला सवय लागली. तसं नाही हो. पगार वाढलाय, पीएफ कापतात, मेडिक्लेममध्ये यावेळी तुम्हा दोघांची नावं घालून घेतलीत, दादाचं घराचं लोन चालू असताना त्याच्यावर सगळं टाकणं मला पटत नाही आणि त्याच्या वेळी जे झालं ते परत आपल्या घरात नको. पण नुसतं पैशासाठी असतं तर मी आलेच असते. मला हे काम येतं, आता कुठं नीट यायला लागलंय आणि मध्येच सोडवत नाही, हे खरं कारण आहे.

मामा म्हणाले ना, एम.एस्सी. झूलॉजी करून पोरगी पाखरं हाकलायला गेली, आणि आई तू गप्प बसलीस. तुझ्यावर राग नाही गं. पण आज सगळं सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तू त्यांना सांगशील.

पाखरंच राखते मी, होय. मंगळवेढ्याच्या रानात आज्जी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची, ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवेच्या थवे उतरायचे आणि आज्जीचा आवाज पार ओढ्यापर्यंत जायचा, आणि तिचा दगड कधी पाखराच्या अंगावर नसायचा, बाजूला पडायचा, नुसती उठवण्यापुरता. मी तेच करते, फक्त रान गोव्यातल्या मोपाच्या सड्यावरचं, म्हणजे खडकाळ पठारावरचं आहे आणि मध्ये रनवे आहे. त्या भोरड्यांच्याच जातीतली पाखरं, स्टार्लिंग म्हणतात, वजनाला शंभर ग्रॅमसुद्धा नाहीत, 1960 साली 4 ऑक्टोबरला अमेरिकेत बोस्टनला एक विमान उडाल्या उडाल्या त्यांच्या थव्यात घुसलं, पाखरं इंजिनांत गेली आणि विमान खाडीत पडलं, 72 पैकी 62 माणसं गेली. कुठला पक्षी होता ते उरलेल्या पिसांवरून रॉक्सी लेबोर्न नावाच्या म्युझियममधल्या बाईंनी ओळखून दिलं आणि तिथून हे पिसं ओळखायचं शास्त्रच उभं राहिलं. न्यूयॉर्कला नदीत विमान उतरवलं होतं ते तर अप्पा आपण टीव्हीवर बघितलंय, 15 जानेवारी 2009, आपल्याकडे गड्ड्याची जत्रा चालू होती. रानबदकांसारखी मोठी पाखरं, कॅनडा गूज, दोन्ही इंजिनांत गेली होती, आतले 155 च्या 155 वाचले.

एवढंसं पाखरू एवढ्या मोठ्या विमानाला काय करणार असं तुम्ही मागे विचारलं होतं. ते सगळं वेगावर आहे, वेग दुप्पट झाला की दणका चौपट होतो. आणि बहुतेक धडका खालीच होतात, विमान चढताना नाहीतर उतरताना, विमानतळाच्या आसपास. म्हणून जे काही करायचं ते जमिनीवरच्या माणसांनी करायचं असतं, पायलटच्या हातात तिथं फारसं काही राहत नाही.

माझा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. पिवळा दिवा लावलेली जीप, वॉकीटॉकीवर टॉवरची परवानगी, ती मिळाल्याशिवाय रनवेवर चाकसुद्धा घालायचं नाही. मग पूर्ण रनवे बघायचा, रात्री गरम डांबरावर रातवे येऊन बसतात, लाइटवर घुबड असतं, कधी कोल्हा कुंपणाखालून शिरतो, तर तो कुठून शिरला ती फट शोधून बुजवून घ्यायची. टिटव्यांचं तर विचारू नका, खडीतच अंडी घालतात आणि आपण जवळ गेलो की मोडक्या पंखाचं सोंग करतात. ऊन चढलं की घारी घिरट्या घालायला लागतात, अशा वेळी टॉवरला कळवायचं, मग दोन मिनिटं विमान थांबवतात. गवत कधी कापायचं हेसुद्धा ठरवून, कारण कापलं की किडे उघडे पडतात आणि गायबगळे मशिनच्या मागेच चालत येतात. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते त्या संध्याकाळी आम्ही कुणीच बसत नाही, आख्ख्या तालुक्यातल्या घारी इथंच आहेत असं वाटतं.

हाकलायला गॅसची तोफ असते, तिला झॉन गन म्हणतात, नुसता आवाज. फटाके असतात, संकटातल्या पाखराचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर लावतो, पहाटे आणि संध्याकाळी लेझर. एकच आवाज रोज लावला की पाखरं ओळखतात आणि शेजारी येऊन बसतात, म्हणून सारखं बदलत राहायचं. मारायचं नाही. मोराला तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात सगळ्यात वरचं संरक्षण आहे, त्याला आम्ही जीपने हळूहळू कुंपणापर्यंत सोडून येतो. आणि धडक झालीच तर पिसं नाहीतर रक्ताचा डाग कापसावर घेऊन लॅबला पाठवायचा, कुठला पक्षी ते कळलं की तो कशासाठी येतो ते कळतं.

बरंचसं काम तर गावात जाऊन बोलायचं असतं. विमान नियम 1937, त्यातला 91 वा नियम, विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जनावर कापायचं नाही, पाखरं गोळा होतील असा कचरा टाकायचा नाही. चिकनवाल्याला हे सांगायला गेलं की तो आधी चिडतो, मग चहा देतो. मला बोलणं जमतं आई, तुझ्यासारखं.

अप्पा, तुम्ही मला एस.टी.ने भिगवणला नेलं होतं ना, उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो बघायला, माझे पाय चिखलात रुतले म्हणून खांद्यावर घेऊन उभे राहिला होतात आणि तुमची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. 20 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला एक विमान उतरताना फ्लेमिंगोंच्या थव्यात गेलं. विमान सुखरूप उतरलं, पण चाळीसच्या आसपास पाखरं मेली, रस्त्यावर पडलेली. ते फोटो बघितल्यावर मला तुमचा खांदा आठवला आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. मी जे करते ते माणसांसाठी तर आहेच, पण त्यांच्यासाठीसुद्धा आहे, आणि आपल्या घरात हे तुम्हाला सगळ्यात आधी कळेल म्हणून लिहितेय.

आता काळजीचं. फटाके वाजवताना कानावर मफ असतात, हेल्मेट असतं, एकटं कुणाला पाठवत नाहीत, जीपमध्ये कायम दोघं. साप निघाला तर आम्ही हात लावत नाही, सर्पमित्र येतो. गाडी पहाटे दारातून उचलते आणि दारात सोडते. उन्हाचं तर मला काही सांगूच नका, मी सोलापूरची आहे, इथल्या लोकांना 35 ला घाम फुटतो. पेडण्यात खोली आहे तिला दोन खिडक्या आहेत, नळाला रोज पाणी असतं (आई, रोज, चार-पाच दिवसांनी नाही), बरोबर दोन मुली आहेत, एक सावंतवाडीची, दुसरी नांदेडची, तिघींच्यात एक वॉशिंग मशिन. मालकीणबाई तुझ्याएवढ्याच आहेत, कोकणी बोलतात पण मराठी पेपर रोज वाचतात, मला ताप आला तेव्हा पेज करून दिली. मासे मी अजून खात नाही, पोळीभाजी मिळते. भाकरी मी स्वतः करते, तू दिलेलं माळदांडीचं पीठ संपत आलंय, आणि शेंगाची चटणी तर त्या दोघींनीच संपवली. गादी जाड आहे, फॅन नवीन आहे, डास नाहीत, म्हणजे आहेत पण जाळी लावून घेतलीये.

आपल्या सोलापूरच्या विमानतळावर, होटगी रोडला का येत नाहीस, तिथं पण आता विमानं सुरू झालीत, हे तुम्ही विचारणार. 2023 च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा तुम्ही गच्चीवर उभे राहून मला फोन लावला होता आणि तात्या त्यावर अजून बोलत नाहीत, तो विषय राहू दे. 2025 च्या जूनपासून गोव्याचं विमान यायला लागलं. पण तिथं दिवसाला मोजकीच विमानं, मला आत्ता शिकायचंय, रात्रीचं काम, मोठ्या विमानांचं काम, सगळं. पुढं तिथं जागा निघाली तर अर्ज करणारच, फक्त तसा शब्द देत नाही, कारण शब्द देऊन मोडला तर तुम्हाला जास्त लागेल. एक सांगू? सोलापूरचं विमान इथून उडायचं असलं आणि माझी ड्युटी असली की रनवे मी दोनदा बघते. बाकीच्यांच्या विमानांनाही तेवढंच बघते खरं तर, पण त्या वेळी पोटात कसंतरी होतं, आत कुणीतरी सात रस्त्याचं, कुणी जुळे सोलापूरचं बसलंय असं वाटतं.

आता माझं ऐका दोघं.

अप्पा, गच्चीवर पारव्यांना दाणे टाकणं आजपासून बंद. खरंच बंद, मागच्या वेळसारखं नाही. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसात जाते, तुमचा खोकला महिनोन्महिने का चाललाय याचा विचार करा की. डॉक्टरांना छातीचा फोटो काढायला सांगा आणि पारव्यांचं आवर्जून सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत. जिन्यातली घाण तुम्ही झाडायची नाही, बाईला सांगा, आधी पाणी मारून मग काढायची, कोरडी झाडायची नाही, आणि तिलाही तोंडाला फडकं बांधायला द्या. पारव्यांचं वाईट वाटणार तुम्हाला, मला माहितीये, आज्जी गेल्यापासून तुम्ही सकाळी वर जाता ते कशासाठी ते पण माहितीये. वर जायचं थांबवू नका. चिमण्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवा, रोज बदला, कठड्याशी सावलीत. ते चालतं, ते मीच सांगतेय.

शुगरची गोळी जेवणाआधीची आणि जेवणानंतरची वेगवेगळ्या डब्यांत आहेत, झाकणावर मी लिहून ठेवलंय, ती लेबलं काढू नका. पाणी येईल त्या दिवशी हंडे तुम्ही दोघांनी उचलायचे नाहीत, शेजारच्या काकूंच्या मुलाशी मी बोललेय, तो मोटर लावून टाकी भरून देईल, त्याला नको म्हणू नका, त्याला मी पैसे देते. आई, तू बसून स्वयंपाक कर, स्टूल आणून दिलंय ते देवघरात कशाला ठेवलंयस? लग्नाचं मी नाही म्हणत नाहीये. वेळापूरच्या आत्यांना सांग की मुलाला पहाटे उठणारी बायको चालत असेल तर फोटो पाठवा. मी खरंच बघेन.

आणि डोळ्याचं पुढं ढकलायचं नाही. माझ्यासाठी थांबलीस हे मला दादाकडून कळलं. आई, मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते आता, आणि ऑपरेशनच्या दिवशी मी तिथं असणार, आदल्या रात्री येणार आणि थेंब घालायचे दिवस संपेपर्यंत राहणार, तशी रजा आधीच बोलून घेतलीये, करार वाढवताना पहिली अट तीच घातली. नंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की थंडीत तुम्ही दोघं इकडे या, विमानाने, तिकिटं मी काढते. अप्पा, आधार कार्ड खिशात, गोळ्या हातातल्या बॅगेत, लोणचं मोठ्या बॅगेत टाकायचं, चटणीसुद्धा तिथंच. खिडकीची जागा आईला द्या.

तारीख कळली की त्याच दिवशी मेसेज करा, रजेचा अर्ज भरून ठेवलाय, तारीख तेवढी टाकायची राहिलीये.

तुमची,
बबी