लॅक्स्टनच्या शेतांना बांध नाहीत

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

न्यूअर्क कसं आहे म्हणून विचारलंस. इंग्लंडातल्या ट्रेंट नदीकाठचं हे बाजाराचं गाव. फरसबंद चौक, चर्चचं उंच शिखर, आणि १२१६ साली जॉन राजा जिथे वारला तो पडका किल्ला. बघायला एक दुपार पुरे. खरी गंमत आहे ती भोवतालच्या खेड्यांत. ही खेडी म्हणजे पॅरिश, एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्या. १८९४ च्या कायद्याने त्यातल्या मोठ्या पॅरिशना निवडून आलेल्या कौन्सिल मिळाल्या. आपली ग्रामपंचायतच म्हण, पण अधिकार बेताचे.

होल्म नावाचं एवढंसं खेडं. तिथलं चर्च पंधराव्या शतकात जॉन बार्टन या लोकरीच्या व्यापाऱ्याने नव्याने उभारलं. गड्याने घराच्या खिडकीवर लिहून ठेवलं होतं की देवाचे आभार, पण खर्च सगळा मेंढरांनी भागवला! क्रॉमवेल आणि मेपलबेक ही आणखी दोन गावं. पहिल्या महायुद्धावर गेलेली तिथली सगळी पोरं जिवंत परतली. इंग्लंडात अशी गावं फार थोडी.

पण तुला दाखवायचंय ते लॅक्स्टन. भावकीत बांध कोरण्यावरून तुमचं जे चाललंय, ते ऐकल्यापासून हेच डोक्यात आहे. तिथे वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन अवाढव्य शेतं आहेत. आत शेतकऱ्यांचे पट्टे, पण मध्ये ना बांध ना कुंपण. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक. दर वर्षी पाळी फिरते. बाकी देशात संसदेने कायद्यावर कायदे करून अशी शेतं कुंपणात घातली. इथे तेव्हाच्या दोन बड्या जमीनदारांचं आपसात जमेना, म्हणून हे राहून गेलं. भांडणाचा असाही फायदा!

नोव्हेंबर सरता सरता गावातलेच पंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शेताची पाहणी करतात. कुणाचा नांगर वाटेवर किंवा गवताच्या पट्ट्यात घुसला असेल, तर हद्दीवर खुंटी ठोकतात. मग पंचमंडळी पबमध्ये जेवायला. आठवड्याभराने तिथेच गावाचं कोर्ट भरतं नि दंड ठरतो. गावात जुना कोंडवाडाही आहे.

लगेच तुमच्या सरपंचांना सांगू नकोस हं. लॅक्स्टनचे बहुतेक शेतकरी कुळं आहेत. जमीन १९८१ पासून क्राउन इस्टेटची, म्हणजे राजगादीच्या मालमत्तेची होती, २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीने घेतली. मालक एक, म्हणून पंचांचा शब्द चालतो. तुमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं. तिथे खुंटी ठोकायला गेलेला पंच धड घरी येईल का, मला शंकाच आहे.

काकूंना नमस्कार. उन्हाळ्यात नको, नोव्हेंबरात ये, आणि गमबूट आण; इथली चिकणमाती पाय सोडत नाही.

तुझा,
श्रीधर