कारखान्याच्या दाराची रुंदी

पुणे, रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणार. फोनवर बाबा "जेवलीस का? हां, आईशी बोल" एवढं म्हणून फोन देऊन टाकतात, म्हणून. आणि मला जे मागायचंय ते मधेच "नको" न ऐकता शेवटपर्यंत मागायचंय.

बाबा, मला गाडी घ्यायची आहे. आहे ती राहणार, तिचे दोन वर्षांचे हप्ते अजून बाकी आहेत. ती मला ऑफिसला नेते-आणते, आणि घरातल्या गॅसच्या शेगडीबद्दल वाटतं तेवढंच मला तिच्याबद्दल वाटतं. मला घ्यायची आहे ती प्रीमियर पद्मिनी. आपण जिला मरेपर्यंत फियाटच म्हणत राहिलो, ती.

आता तुम्ही चष्मा काढून आईकडे बघत असाल. बघा, पण पुढचं वाचा.

सूतवाले शेठ आठवतात ना? मळकट पांढरी फियाट घेऊन सोलापूरला साखर पेठेत यायचे, आणि बोळात गाडी शिरत नाही म्हणून कोपऱ्यावर लावायचे. तुम्ही आत टॉवेलचे डझन मोजून द्यायचे आणि मी त्या गाडीभोवती फिरायची. कारखान्यातले माग खटाखटा चालू असायचे, त्यामुळे कोणाला माझा पत्ता नसायचा. एकदा दार उघडं होतं. मी आत चढून बसले. पुढची सीट सलग, बाकासारखी. गिअरचा दांडा खाली नाही, स्टेअरिंगलाच. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात ती छोटी तिकोनी काच, फिरवली की वारा थेट तोंडावर. उन्हानं तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास होता. मी हॉर्न दाबला. एकदाच, पण चांगला लांब.

माग बंद पडावा तसे तुम्ही बाहेर आलात. शेठ हसून म्हणाले, "वाजवू दे की वो, लहान हाय." तुम्ही हात जोडून त्यांची माफी मागितलीत. मला काही बोलला नाहीत. रात्री जेवताना, भाकरी मोडता मोडता, एवढंच म्हणालात, "दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही."

मारलं असतंत तर विसरले असते. तुमचा दोष काढत नाहीये. सूत उधारीवर आणणारा माणूस दुसरं काय करणार? पण तेव्हापासून ती गाडी मला आपली हवी आहे. आज सत्तेचाळिसाव्या वर्षी हे लिहिताना हसू येतंय, पण खरं आहे.

"तुमचं स्वप्न मी पूर्ण करते" वगैरे मी लिहिणार नाही. तुम्हाला गाडी कधी नकोच होती. "दारात हत्ती बांधायचा, मग त्याला चारा कोण घालणार?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. हे वेड माझं एकटीचं आहे, आणि हत्तीचा चाराही मीच घालणार.

गाडी सांगलीत सापडली. एका निवृत्त शिक्षकांची, 1986 चं मॉडेल. नंबर एमएच सुरू होण्याच्या आधीचा, जुन्या पद्धतीचा. इंजिन 1089 सीसी, चारच गिअर, एसी नाही, पॉवर स्टेअरिंग नाही, ब्रेक चारी चाकांना ड्रमचे. सरांनी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन पासिंग वेळेवर केलंय, पर्यावरण कर भरलाय, सगळ्या पावत्या एका फाईलीत. माझ्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी खाली झोपून पत्रा ठोकून बघितला. डावीकडे दाराखाली गंज आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं, म्हणून नळ्या सगळ्या बदला म्हणाले. लिटरला दहा-बारा किलोमीटर देईल. बाबा, मला माहीत आहे तुम्ही आत्ता मनात गुणाकार केलात.

उन्हाळ्याचंही विचारलं. आपल्याकडं मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाला टेकतो. अशा उन्हात या गाड्यांच्या पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रस्त्यात गप्प बसते. उपाय काय, तर पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. मी म्हटलं, फडक्यांची कमी आमच्या घरी कधी पडलेली नाही.

आणखी एक गोष्ट, खास बाबांसाठी. सायकलवरून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आलात की तुम्ही हँडल सोडून हात जोडायचात आणि मागं बसलेली आई ओरडायची. सोलापूरचं नाव कुठं निघालं की तुमची मान ताठ होते. तर ही गाडी ज्या प्रीमियर कंपनीची, ती 1944 साली काढली वालचंद हिराचंदांनी, आणि त्यांचा जन्म 1882 चा, आपल्या सोलापुरातला. सुरुवातीला बार्शी लाईट रेल्वेची कंत्राटं केली, मग बोगदे, जहाजं, बंगळूरला विमानाचा कारखाना, आणि कुर्ल्याला मोटारींचा. पद्मिनी हे नाव लागायच्या कितीतरी आधी, 1953 सालीच ते गेले. पण गाडी गावकऱ्याच्याच घरची म्हणायची.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. वीस वर्षांची मर्यादा संपली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग कुठंही मिळायचे, आता शोधत फिरावं लागतं. म्हणून घाई. अजून पाच वर्षांनी पैसे असतील, गाडी नसेल.

आता आईसाठी. गुडघ्यांमुळे तुला माझ्या गाडीत बसायला त्रास होतो, आधी वाकायचं मग पाय ओढून घ्यायचे. या गाडीची सीट उंच आहे, खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. मी सरांच्या मिसेसना बसवून बघितलं, त्या तुझ्याच वयाच्या. तुळजापूरला जाऊन यायला काही हरकत नाही, पहाटे निघायचं म्हणजे झालं.

आणि गड्ड्याच्या जत्रेतला तो फोटो कुठं आहे? होम मैदानावर प्लायवूडच्या रंगवलेल्या मोटारीमागं बसून काढलेला, आपल्या तिघांचा. बाबांनी खोटं स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलंय, समोर ट्रक असल्यासारखं. आई भलतीकडंच बघतेय. ट्रंकेत जरीच्या साडीखाली असेल. मला पाठव, किंवा राहू दे, आल्यावर बघते.

खरं मागणं आता. पुण्यात आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. गाडी सोलापूरला ठेवायची आहे, कारखान्यात. माग भंगारात गेल्यापासून तिथं तुटक्या खुर्च्या, पाण्याची जुनी टाकी आणि बाबीनची पोती आहेत. बाबा ती पोती टाकू देत नाहीत हे मला ठाऊक आहे. टाकू नका, भिंतीशी लावून घेऊ. जेकार्डचा माग होता त्या जागी गाडी बसते का, एवढंच बघायचं. गाडीची लांबी तेरा फुटांच्या जरा आत, रुंदी पावणेपाच फूट. बोळात शेठची गाडी शिरायची नाही ती कोपऱ्यावरच्या पायऱ्यांमुळे. त्या रस्तारुंदीत गेल्या, मागच्या दिवाळीत मी पावलं टाकून मोजलंय. दाराचं मात्र मोजलं नाही.

सांगलीत मी गाडी चालवून बघितली. दोन किलोमीटर, कालव्यापर्यंत आणि परत. दुसरा गिअर टाकताना हात चुकला, सर काही बोलले नाहीत. दिवे लावले, वायपर लावले, तिकोनी काच फिरवली. हॉर्न तेवढा वाजवला नाही. अजून दुसऱ्याची आहे.

सरांनी पुढच्या रविवारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलंय. बाबा, टेप कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. दार चौकटीच्या आतून मोजा, बाहेरून नको. आणि स्टुलावर चढू नका, रुंदीच मोजायची आहे.

तुमची,
सुमी

ता. क. शेंगा चटणी संपली. येणाऱ्या कोणाबरोबर तरी दे, कुरिअर नको, मागच्या वेळी डबा फुटला.